स्केलथॉर्पची तुडुंब गर्दी

वेट संडेज नावाच्या बँडनं आयुष्यात चार रेकॉर्डी काढल्या आणि त्या चारांतून त्यांच्या कंपनीनं आजवर वीसेक काढल्या. पहिली चांगली होती. दुसरी पहिलीसारखीच होती. तिसरीच्या सुमारास गायक जाइल्सला तत्त्वज्ञान झालं, लहान पोरांना गोवर होतो तसं, आणि एका दीपगृहाच्या मनोगतावर दोन रेकॉर्डींचा जोडसंच निघाला. तो लोकांनी घेतला नाही. ज्यांनी घेतला त्यांनी परत आणून दिला. चौथी होती लाइव्ह. ‘स्केलथॉर्पची रात्र’. ती मात्र तुफान चालली, आणि तिच्या जोरावर पुढं कंपनीनं ‘निवडक’ काढली, ‘अस्सल निवडक’ काढली, ‘निवडकांतून राहिलेलं’ काढली. गिटारवाला रॉय हॅलम वारला तेव्हा त्याच्या स्मरणार्थ एक जाडजूड पेटी निघाली. तिच्यावर त्याचं आडनाव चुकलं होतं.

क्लिफ ओल्डरॉइड या बँडचा ड्रमर. बँड मोडल्यावर त्यानं हॅलिफॅक्सला गालिच्यांच्या दुकानात नोकरी धरली, निवृत्त झाला, आणि आता बायको मॉरीन सांगेल ती झुडपं कापणं हाच त्याचा व्यवसाय होता. एके दिवशी कंपनीतल्या पोरीचा फोन आला. ‘स्केलथॉर्पची रात्र’ला पन्नास वर्षं होत होती, नवी आवृत्ती निघणार होती, आणि स्केलथॉर्पची नगरपालिका त्या हॉलवर, ऐतिहासिक जागांना लावतात ती, निळी पाटी लावणार होती. बँडपैकी कोणीतरी हवं होतं. जाइल्स पोर्तुगालला होता आणि त्याच्या विमानभाड्याचा आकडा ऐकून नगरपालिकेला घाम फुटला होता. बास गिटारवाला कॅनडात पाद्री झाला होता. रॉय वर गेला होता. क्लिफ रस्त्यानं दोन तासांवर होता आणि पेट्रोल स्वतःचं घालणार होता.

“म्हणजे उरलासुरला मी,” क्लिफ म्हणाला.

“सॉसेज रोल असतील,” मॉरीन म्हणाली. “जाऊ या.”

क्लिफला जायचं होतं ते वेगळ्याच कारणासाठी. स्केलथॉर्पला ती मैफल झालीच नव्हती.

झालं होतं असं. पंचाहत्तरच्या फेब्रुवारीत हे चौघे तिथं पोचले तेव्हा हॉल गरम ठेवणारा बॉयलर फुटून तळघरात पाणी साचलं होतं. नगरपालिकेनं कार्यक्रम रद्द केला आणि दारावर चिठ्ठी लावली. पण रेकॉर्डिंगची गाडी लंडनहून येऊन उभी होती आणि तिचं भाडं परत मिळणार नव्हतं. मॅनेजर म्हणाला, “आलोच आहोत तर वाजवून टाका.” मग भर दुपारी, रिकाम्या हॉलमध्ये, अंगात ओव्हरकोट आणि डोक्यात कानटोप्या घालून त्यांनी सगळी गाणी वाजवली. टाळ्या नंतर चिकटवल्या. त्या रेकॉर्डिंगवाल्याकडं कुठल्याशा भाजीपाला प्रदर्शनाच्या बक्षीस समारंभाची टेप होती, तिच्यातल्या. दुसऱ्या बाजूला तिसरं गाणं संपतं तिथं कान देऊन ऐकलं तर एक बाई “कांदा, दुसरा नंबर” असं म्हणताना ऐकू येते. चाहत्यांनी यावर पन्नास वर्षं वाद घातला. एका प्राध्यापकानं हा कांदा म्हणजे मानवी मनाचे पापुद्रे असं सिद्ध केलं.

या लबाडीचं क्लिफला काही वाटत नव्हतं. धंद्यात चालायचंच. त्याचं दुखणं निराळं होतं. त्या दुपारी त्यानं जे वाजवलं तसं आयुष्यात पुन्हा वाजवलं नव्हतं. थंडीनं बोटं आखडतील म्हणून तो जीव खाऊन वाजवत राहिला, आणि वाजवता वाजवता हात असे काही सुटले की रॉयनं गिटार थांबवून त्याच्याकडं बघितलं होतं. आणि तेव्हापासून प्रत्येक मासिकात, प्रत्येक पुस्तकात एकच वाक्य: ‘स्केलथॉर्पच्या गर्दीनं त्या रात्री ड्रमरला झपाटलं.’ गर्दीनं. कांद्याचं दुसरं बक्षीस घेणाऱ्यांनी. पन्नास वर्षं त्यानं हे गिळलं होतं. करार होता, मॅनेजर होता, मग जाइल्सची अब्रू होती. आता मॅनेजर मेला होता, कराराचे कागद कुणाकडं होते देव जाणे, आणि जाइल्सच्या अब्रूची जाइल्सलाच फारशी पडलेली नव्हती.

“मी सांगून टाकणार आहे,” तो गाडीत म्हणाला.

“सांग,” मॉरीन म्हणाली. “फक्त खाणं झाल्यावर सांग.”

स्केलथॉर्पच्या हॉलच्या अर्ध्या भागात आता गाद्यांचं गोदाम होतं. उरलेल्या अर्ध्यात टेबलं मांडली होती आणि माणसं दाटीवाटीनं उभी होती. नगराध्यक्षा जॅनेट थ्वेटबाई हात पसरून पुढं आल्या. त्यांच्या गळ्यात पदाची साखळी होती आणि चेहऱ्यावर निवडणुकीचं हसू.

“या या, ओल्डरॉइडसाहेब. तुम्हाला सांगते, तेव्हा इथं हजर होते त्यांनी नावं कळवा म्हणून आम्ही पेपरात दिलं, तर तीन हजार लोकांनी कळवली.”

“हॉलमध्ये सहाशे माणसं मावायची,” क्लिफ म्हणाला.

“तेच तर. काय दाटी झाली असेल.”

तेवढ्यात एक लालबुंद चेहऱ्याचा म्हातारा क्लिफच्या खांद्यावर थाप मारून उभा राहिला. केन डगल्बी, मासळीबाजारातला. त्याच्या हातात काचेची चपटी पेटी होती आणि पेटीत मखमलीवर ड्रमची एक काठी.

“ओळखलीस का, गड्या? तूच फेकली होतीस. मी झेलली.”

क्लिफनं काठी बघितली. ती ज्या कंपनीची होती, ती कंपनीच मुळी त्यानंतर दहा वर्षांनी निघाली होती.

“केन, त्या दिवशी मी काठी फेकली नाही. थंडीनं बोटं वळत नव्हती माझी.”

“थंडी? अरे, आम्ही घामानं निथळत होतो. पोरी चक्कर येऊन पडत होत्या. माझ्या मेहुणीला दोघांनी उचलून बाहेर नेली.”

“बॉयलर फुटला होता.”

“मग, फुटणारच,” केन म्हणाला. “एवढ्या गरमीत कुठला टिकतोय.”

मॉरीननं क्लिफच्या हातात सॉसेज रोल दिला आणि ती दुसरा आणायला गेली.

भाषणाची वेळ आली. थ्वेटबाई या गावाला संगीताची केवढी परंपरा आहे यावर बोलल्या. परंपरा म्हणजे हीच एक मैफल, त्यामुळं त्यांना ती बरीच ताणावी लागली. मग क्लिफ उठला. त्यानं कागद आणला नव्हता.

“मंडळी,” तो म्हणाला, “खरं सांगायचं तर त्या दिवशी इथं कोणी नव्हतं. कार्यक्रम रद्द झाला होता. आम्ही दुपारी कोट घालून रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवलं. टाळ्या आहेत त्या कांद्यांसाठी आहेत.”

कोणीतरी फसकन हसलं, आणि मग सगळा हॉल हसला. माणसं टेबलावर हात आपटू लागली. केन डगल्बी डोळे पुसत शेजारच्याला म्हणाला, “तेव्हाही असाच होता. तोंडावरची सुरकुती हलू द्यायचा नाही.”

“मी चेष्टा करत नाहीये,” क्लिफ म्हणाला. हशा दुप्पट झाला.

मग त्याला दारापाशी चाकाच्या खुर्चीत बसलेला एक पार वाळलेला म्हातारा दिसला. मांडीवर घोंगडी, मिशा पांढऱ्याफेक, पण ते लांबट कान क्लिफनं ओळखले. अर्नेस्ट पिकरिंग. हॉलचा रखवालदार. त्या दुपारी तळघरातून भिजलेल्या विजारीनं वर येऊन, दोन गाणी ऐकून, मान हलवून परत खाली गेलेला माणूस. सगळ्या जगात एकुलता एक साक्षीदार.

“अर्नेस्ट,” क्लिफ भाषण सोडून म्हणाला, “तुम्ही होतात इथं. तुम्ही सांगा यांना. किती माणसं होती?”

सगळ्या माना वळल्या. अर्नेस्टनं डाव्या बाजूला बघितलं. तिथं त्याची लेक उभी होती. उजवीकडं नातवंडं होती, त्यांच्याही कडेवर पोरं होती. त्यानं घसा खाकरला.

“मुंगी शिरायला जागा नव्हती,” तो म्हणाला. “दार मी पाठ लावून धरलं होतं.”

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की तो टेप करून ठेवला असता तर पुढच्या चार रेकॉर्डींना पुरला असता. थ्वेटबाईंनी दोरी ओढली, पडदा सरकला, आणि ‘येथे तुडुंब गर्दीसमोर’ अशी सुरुवात असलेली पाटी उजेडात आली.

नंतर लोक चहाकडं वळल्यावर क्लिफ खुर्ची ओढून अर्नेस्टजवळ बसला. राग होताच, पण नव्वदीच्या माणसावर काढायचा कसा.

“असं का केलंत, अर्नेस्ट?”

“माझी बायको डोरीन म्हणायची, मी तिथं होते,” अर्नेस्ट हळू म्हणाला. “तिची आई आजारी, म्हणून तेव्हा गावातसुद्धा नव्हती ती. पण नंतर रेकॉर्ड गाजली ना, मग सगळ्या बायका सांगायला लागल्या, म्हणून हीही सांगायला लागली. पुढं पोरांना सांगितलं, नातवंडांना सांगितलं. कुठला फ्रॉक घातला होता तेसुद्धा सांगायची. गेल्या साली वारली. आता मी तिला चारचौघांत खोटी पाडू काय?”

क्लिफनं मान हलवली.

“तुम्ही मात्र दोनच गाण्यांनी खाली गेलात.”

“पाइपातून पाणी येत होतं, बाबा. बादली धरायला हवी होती. पण खाली सगळं ऐकू येत होतं. छत हादरत होतं.” त्यानं जरा विचार केला. “बरा वाजवत होतास. जरा मोठ्यानं, पण बरा.”

पन्नास वर्षांत एवढी नेमकी दाद क्लिफला कोणी दिली नव्हती.

पण माणसाचं मन मोठं चिवट. घरी परतल्यावर त्यानं जाइल्सला पोर्तुगालला फोन लावला. निदान त्यानं तरी कबूल करावं.

“रिकामा?” जाइल्स म्हणाला. “छे रे. पहिल्या रांगेत एक पोरगी होती, लाल मफलरवाली. सबंध वेळ रडत होती. मला आजही दिसते.”

“जाइल्स, तिथं खुर्च्या होत्या. नुसत्या खुर्च्या.”

“तू मागं बसायचास ना,” जाइल्स समजुतीच्या सुरात म्हणाला. “तुला काय दिसणार?”

त्यानंतर क्लिफनं शेवटचा उपाय केला. कंपनीतल्या पोरीला फोन करून म्हणाला, “मूळ टेप असतील तुमच्याकडं. टाळ्या काढून टाका आणि तशीच रेकॉर्ड काढा. लोकांना ऐकू दे.” ती वाद घालेल असं त्याला वाटलं होतं. पण ती इतकी खूश झाली की तो घाबरला. त्याच गाण्यांची आणखी एक रेकॉर्ड काढायला निमित्त मिळालं तर कुठली कंपनी नाही म्हणेल? सहा महिन्यांत ‘स्केलथॉर्पची रात्र: निःशब्द आवृत्ती’ बाजारात आली. टाळ्या काढल्या म्हणून किंमत वाढवली होती. पाठीमागं छापलं होतं की खास तंत्रानं गर्दीचा आवाज पुसून टाकण्यात आला आहे.

मासिकातलं परीक्षण मॉरीननं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. “‘प्रयोग धाडसी आहे, पण फसलेला. गर्दीचा श्वास काढून घेतल्यावर वादन कसं उघडं पडतं याचा हा नमुना. विशेषतः ड्रम निर्जीव वाटतात. स्केलथॉर्पच्या रसिकांनी ओल्डरॉइड यांना किती सावरून घेतलं होतं हे आता कळतं.’”

“तेच ड्रम आहेत,” क्लिफ म्हणाला. “एक ठोका इकडचा तिकडं नाही.”

“हो रे,” मॉरीन म्हणाली आणि तिनं मासिक घडी करून कुंडीखाली ठेवलं.

रेकॉर्ड आठवडाभर पाकिटातच पडून होती. मग एका रविवारी, बाहेर झुडपं कापण्यासारखी हवा नव्हती, तेव्हा तिनंच ती लावली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. ऐकणारा म्हातारा वाजवणाऱ्या तरण्याला ऐकतो की उलट, हे क्लिफला नीट उमगेना. पण हात मांडीवर आपोआप चालत होते. तिसरं गाणं संपलं. टाळ्या असायच्या तिथं आता खुर्ची सरकल्याचा आवाज होता, कोणीतरी हातावर फुंकर मारत होतं, आणि मग एक तरुण, जाडाभरडा, हॅलिफॅक्सकडच्या हेलाचा आवाज आला.

“क्लिफ्या, बोटं आहेत का रे जागेवर?”

आणि त्याच्यामागं दुसरा कोणीतरी हसला, मोकळं, मोठ्यानं.

मॉरीन विणकाम थांबवून बघायला लागली. “कोण रे ते?”

“रॉय,” क्लिफ म्हणाला. “आणि मी.”

तो उठला, सुई उचलली, आणि थोडी मागं नेऊन ठेवली.