बोळातला गारवा

विजया पाठक नगरच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, शाळेला सुटी लागली तरी तिच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. एकाच गावात, एकाच दुपारी, सगळीकडे ऊन सारखं का लागत नाही? मग तिने शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक पिशवीत घातला आणि रोज दुपारी सायकलवरून गावभर हिंडायला सुरुवात केली.

कापडबाजारात, दगडी दुकानांच्या मधोमध, पारा त्रेचाळीसवर जायचा. माळीवाड्यात थोडा कमी. भिंगारच्या कडुलिंबांखाली आणखी कमी. हे सगळं तिच्या अपेक्षेप्रमाणे होतं. दिल्लीदरवाजाजवळच्या एका बोळात मात्र पारा एकतीसवर येऊन थांबला.

तिला वाटलं, तापमापक बिघडला. पण तिच्या दंडावरही काटा आला होता.

घरी तिने थोरल्या भावाला, नृसिंहला, सांगितलं. तो वकिली करायचा, कशानेही चकित व्हायचा नाही.

"गावाखालून पाण्याचे जुने खापरी नळ गेलेत," तो म्हणाला. "एखादा तिथे फुटला असेल. त्यातून गार हवा येते, झालं."

हे तिला पटलं. दुसऱ्या दिवशी हवा कुठून येते ते बघायला तिने बोळात काडी ओढली. ज्योत सरळ उभी राहिली. जराही हलली नाही. वारा नव्हताच. आणि एवढ्या काहिलीत त्या गारव्याला एक कुत्रंसुद्धा येऊन पडलेलं नव्हतं.

बोळाच्या टोकाला एक खोली होती. तिथे पाथर्डीकडून आलेलं जोडपं राहायचं. दुष्काळाने शेत उजाड पडलं, म्हणून नातवंडं गावी सुनेपाशी ठेवून गोजरबाई आणि आसाराम नगरला आले होते. दोघं सकाळी खडी फोडायला जायचे. दुपारी परत आल्यावर आसाराम बोळातल्या भिंतीला टेकून बसायचा.

"किती गार हाय बगा," पहिल्या दिवशी तो हसून विजयाला म्हणाला होता. "आमच्या मळ्यातल्या विहिरीत उतरल्यावानी."

पुढे पुढे तो बोलेनासा झाला. नुसता मान हलवायचा. मग तेही नाही.

एका दुपारी विजया बोळात शिरली तेव्हा गोजरबाई वाटच बघत उभी होती.

"बाई, ती काचेची नळी ह्यास्नी लावून बगता का? दोन दिस झाले, कामावर न्हाईत, भाकरीला हात न्हाई. उठा म्हनलं तर म्हनत्यात, आजून थोडं बसू दे."

विजयाने तापमापक आसारामच्या काखेत धरला. पारा वर चढायला हवा होता. तो एकतीसवरून खाली उतरू लागला. तीस. एकोणतीस. तिने हात लावला. कातडी माठासारखी गार होती. श्वास मात्र चालू होता.

"पाय धरा," ती एकदम म्हणाली. "ह्यांना उन्हात नेऊ."

माणूस हडकुळा, पण दोघींना तो हलेना. जणू खालून कुणी धरून ठेवलाय. गोजरबाईने दात-ओठ खाऊन ओढला आणि तो एकाएकी सुटला. फरपटत त्यांनी त्याला रस्त्यावर आणून तापल्या फरशीवर निजवला. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

"कशाला आनलं मला?" तो पुटपुटला. "लई हायेत ती. त्यास्नी थंडी वाजतीया. मी हुतो तर जरा ऊब मिळत हुती."

गोजरबाईने पुढचं काही ऐकून घेतलं नाही. त्याच संध्याकाळच्या एसटीने ती नवऱ्याला घेऊन गावी गेली. विजया दुसऱ्या दिवशी धीर करून बोळात गेली. पारा बेचाळीसवर. बोळ आता बाकीच्या गावासारखाच तापला होता. नळ बुजला असेल, असं नृसिंह म्हणाला.

पुढच्या वैशाखात विजया कामानिमित्त पाथर्डीला गेली होती, तेव्हा स्टँडवर गोजरबाई अचानक भेटली. अंग भरलं होतं, चेहरा हसरा होता.

"मालक कसे आहेत?" विजयाने विचारलं.

"ब्येस हायेत. खात्यात, पित्यात. बोलनं तेवढं कमी." ती कौतुकाने पुढे म्हणाली, "आन् बाई, नातवंडं तर त्यांना सोडीनात. ह्या उन्हात सगळी दुपारची आज्याच्या अंगाला चिकटून निजत्यात. लई गार लागतं म्हनं."

विजयाने तिचा हात धरला.

"गोजरबाई, मुलांना तिथे निजवू नका."

"का वं? चांगली शांत निजत्यात की." गोजरबाई क्षणभर थांबली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "धाकटी तर परवापासनं हाका मारल्या तरी लवकर उठत न्हाई."

विजया आणखी काही सांगेपर्यंत ती थांबलीच नाही. हातातलं बाजाराचं गाठोडं तिथेच टाकून, भर उन्हात, ती घराच्या वाटेने पळत सुटली.