मास्तरांची पाठ

शिंपीमास्तरांचा इसब जुना आणि हट्टी, अगदी मास्तरांसारखाच. दंड आणि पाठ नुसती पेटायची. जन्मभर लोकांच्या पाठींची मापं घेतलेल्या या माणसाचा हात स्वतःच्या पाठीपर्यंत काही पोचत नव्हता. दवाखान्यात मूळपेशींपासून बनवलेल्या नव्या मलमाची चाचणी सुरू झाली, तेव्हा त्यांनी लगेच नाव दिलं. अट एकच होती: पाठीला मलम लावायला घरी कोणीतरी हवं.

"ही आहे की," मास्तर बोलून गेले.

ही जाऊन बराच काळ लोटला होता. पण खरं सांगितलं तर नाव कापतील, ही धास्ती. शिवाय 'कोणी नाही' हे शब्द जिभेवर यायलाच तयार नव्हते.

मग घरी नाना खटपटी झाल्या. फूटपट्टीला मलम फासून पाहिलं. दाराच्या चौकटीला माखून म्हशीसारखी पाठ घासून झाली. चौकट मात्र झकास तुकतुकीत झाली.

दंड निवळले, पाठ जैसे थे. डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. "पाठीवर हे औषध लागू पडत नाही, असंच कळवावं लागेल."

"काकू नीट लावतात ना?" सिस्टरने विचारलं. "कंटाळा करत असतील. उद्या घेऊन या त्यांना, मी दाखवते."

मास्तरांना हे मात्र सहन होईना. हिने हयातीत कुठलं काम अर्धवट टाकलं नव्हतं, आणि आता त्यांच्या थापेपायी तिच्यावर कामचुकारपणाचा ठपका येत होता.

"तिला बोल लावू नका," ते म्हणाले. "ती नाहीये. घरी कोणीच नाही."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं. पाठीची चाचणी पहिल्यापासून करायची ठरली.

"रोज इथेच या, मी लावत जाईन," सिस्टर म्हणाली.

मास्तरांनी सदरा उतरवला. गार मलम घेऊन बोटं खांद्यापासून कमरेपर्यंत सावकाश फिरली. पाठीला माणसाचा हात लागून किती काळ झाला, हे मास्तर आठवू लागले.

"सिस्टर, हातमोजे घालायलाच लागतात का हो?"

"घालावेच लागतात, काका. नियम आहे."

"हो, हो. बरोबरच आहे," मास्तर घाईघाईने म्हणाले.