कोपऱ्यावरून केलेली मोजणी

झाडूवाल्याच्या सुनेला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी पालिकेने शहराचा नकाशा कॉम्प्युटरवर चढवला. प्रत्येक नळाला, दिव्याला, गटाराच्या झाकणाला एकेक ठिपका मिळाला. ठिपका असेल त्याची दुरुस्ती. नसेल ते नाहीच.

झाडूवाल्यांच्या गल्लीत मोजणीवाला सकाळी आला. आला म्हणजे तोंडाशी आला. नाकाला रुमाल लावून कोपऱ्यावरच उभा राहिला. झाडूवाल्याची बायको एका नातीला कडेवर घेऊन पुढे झाली.

"आत या ना साहेब. मधलं झाकण तडकलंय, दाखवते."

"इथूनच सांगा मावशी. मोबाइल सगळं टिपतो."

"मग मोबाइलला तरी आत पाठवा."

बाया हसल्या. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. "आत्ताच प्यायलोय," म्हणाला, आणि पलीकडच्या दुकानात जाऊन दोन पेले घटाघटा प्यायला. ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही, त्यांच्या दारात पाय कसा टाकायचा? रोग जुनाच, मोबाइल तेवढा नवा.

मोबाइल असेल तिथेच ठिपका पडायचा; दोन नळ, चार दिवे, तीन झाकणं त्याने कोपऱ्यावरच्या एकाच जागी उभं राहून दाबली. कचेरीत बड्या कारकुनाला ठिपक्यांवर ठिपके दिसले. एकच वस्तू चुकून पुन्हापुन्हा नोंदली, असं त्याने खुर्चीतूनच ठरवलं आणि जास्तीचे पुसले. गल्लीला एक नळ, एक दिवा, एक झाकण उरलं.

चार महिन्यांनी मधलं झाकण फुटलं. ज्या कचेरीचं आवार झाडूवाला रोज झाडायचा, तिथेच तो हात जोडून उभा राहिला.

"तुमच्या गल्लीत झाकण एकच, आणि ते धड आहे. हा बघ फोटो," कारकून म्हणाला.

"ते कोपऱ्यावरचं. मधलं फुटलंय."

"मधलं नकाशात नाही."

"मग मी फळी टाकलीय ती कशावर साहेब?"

कारकुनाने चहा मागवला. स्वतःपुरता.

पुढे त्याच नकाशाला बक्षीस जाहीर झालं. पाहुणे येणार म्हणून मुकादमाने रस्त्यातला अडथळा ठरवून ती फळीही उचलून नेली.

बक्षिसाच्या दुसऱ्या दिवशी मोठी पाइपलाइन फुटली. गल्लीत घोटाभर गढूळ पाणी साचलं, भोक दिसेना. शाळा सुटायची वेळ झाली होती. झाडूवाल्याची बायको काठी घेऊन भोकाच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"भिंतीला धरून या रे. माझ्याकडे नका येऊ."

शेवटचं पोर पलीकडे गेलं आणि तिच्या पायाखालची कड ढासळली.

दुसऱ्या सकाळी मोजणीवाला पुन्हा कोपऱ्यावर येऊन थांबला. "काका, जागा साधारण कुठली?"

"साधारण नाही," झाडूवाला म्हणाला. "आत ये. ती उभी होती तिथं उभा राहा, मग दाब. इथून या गल्लीतलं कुणी आता काही सांगणार नाही."

मागे सगळी गल्ली उभी होती. मोजणीवाला बूट सांभाळत आत गेला. अडतीस पावलं होती.

झाडूवाल्याची बायको मंगळवारी दुपारी साडेचारला वारली. जुळ्या नाती तेव्हा अकरा महिन्यांच्या होत्या.