गार दगडाची साक्ष

मी एक जुना दगड आहे. तुम्ही म्हणाल, नवा दगड कुणी पाहिलाय का? बरोबर आहे, मित्रांनो. पण मी तुमच्या डोंगरांपेक्षा, तुमच्या समुद्रापेक्षा जुना आहे. बढाई मारत नाही. माझा एक काप काढून भिंगाखाली ठेवला, तेव्हा शिकलेल्या माणसांनीच तसं सांगितलं. सध्या मी रोह्याच्या एका कॉलेजात लोखंडी कपाटात कापसात गुंडाळलेला आहे. थोड्याच दिवसांत मला सरकारी संग्रहालयात पाठवणार आहेत. तिथे काचेमागे माझ्याशी कोण बोलणार? म्हणून जाण्याआधी माझी हकिकत सांगून टाकतो.

सूर्य नुकताच पेटत होता तेव्हाचा माझा जन्म. धूळ आणि वितळलेले बारीक थेंब एकमेकांना चिकटले, त्यांचा मोठा खडक झाला. पुढे कधीतरी टक्कर झाली आणि त्या खडकाचा एक तुकडा होऊन मी एकटा भटकू लागलो. तिथे वारा नव्हता, आवाज नव्हता, ओळखीचं कुणी नव्हतं. तिथे मला कुणी खरा म्हटलं नाही आणि खोटाही म्हटलं नाही. त्या थंडीची तुम्हाला कल्पना यायची नाही. ती माझ्या अंगात पार आतपर्यंत मुरली होती. ही थंडी लक्षात ठेवा, माझी सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे.

मग एका हिवाळ्यात, भर दुपारी, मी पृथ्वीच्या हवेत शिरलो. अंगाची आग आग झाली. माझी कातडी जळून, वालाच्या शेंगा भाजायच्या पोपटीच्या मडक्यासारखी काळी पडली. मोठा आवाज झाला. आयुष्यात ऐकलेला तो पहिला आवाज, आणि तोही माझाच. पण ही आग फार टिकली नाही. हवेनं मला अडवलं, माझा वेग मोडला, आणि शेवटी मी झाडावरून नारळ पडावा तसा साधा खाली पडलो. वरची साल जळली होती, आत मी होतो तसाच गार होतो.

खांब नावाच्या गावाजवळ हैबतरावांचा मळा होता, तिथे मी पडलो. ओढ्याकाठी त्यांचं नवं कोरं डिझेल इंजिन भाजीला पाणी देत होतं. मी नेमका त्याच्यावर आदळलो. इंजिन फुटलं, बंद पडलं आणि मी बाजूच्या चिखलात रुतलो. मळ्यात त्या वेळी एकच माणूस होता. त्याचं नाव बुधा हिलम. नदीकाठच्या कातकरी वाडीतला हा तरुण मळ्यावर मजुरीला यायचा. त्यानं मला पडताना पाहिलं होतं. तो धावत आला, चिखलात हात घालून त्यानं मला उचललं आणि छातीशी धरून उभा राहिला. माणसाचा हात मला लागला तो असा.

हैबतराव आले, गाव जमलं. आवाज सगळ्यांनीच ऐकला होता, पण पलीकडच्या खाणीत रोज सुरुंग लावत, त्यामुळे मान वर करून बघितलं नव्हतं कुणी.

"दारू ढोसून इंजिन फोडलंस ना रे?" हैबतराव ओरडले.

"नाय पाटील. ह्यो दगूड आभालातून आला. मी बघितला."

हैबतरावांनी मला हातात घेतलं आणि सगळ्यांना दाखवत म्हणाले, "आभाळातून आला तर निखारा पायजे होता. हात लावून बघा. गार हाय!"

लोक हसले. एकानं बुधाच्या कानाशी लागून सांगितलं, "अरे, गरम होता म्हण. आता निवला म्हण. सुटशील."

बुधा म्हणाला, "उचलला तवाबी गारच व्हता. गरम नाय तर गरम कसा बोलू?"

झालं! ज्याच्या हातात दगड गार लागला, तो खोटारडा ठरला. हैबतरावांनी मला त्याच्या पायाशी फेकलं. "ने हा तुझा आभाळाचा दगड. परत मळ्यात पाय ठेवू नको."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडलो असतो. पण दगडाला कुठलं तोंड?

त्या दिवसापासून बुधाचं नाव 'आभाळ्या' पडलं. आसपास त्याला कुणी कामावर घेईना. दर हिवाळ्यात तो, त्याची बायको सगुणा आणि पोरं घर बंद करून दूरच्या वीटभट्टीवर जायची. जाताना बुधा मला करंजाचं तेल चोळायचा, फडक्यात बांधायचा आणि चुलीवरच्या फळीवर ठेवायचा. परत आला की आधी मला खाली काढायचा. सगुणेला याचा राग यायचा. "तुझ्या ह्या दगडानं आपल्याला देशोधडीला लावला," ती म्हणायची. खोटं नव्हतं ते.

मी कामाचाही होतो बरं का. कोंबड्या झाकायच्या डालग्यावर वजन म्हणून मला ठेवत. सूर्याच्या वयाचा मी, आणि माझं काम काय, तर कोंबड्या पळू न देणं! पहिल्यांदा अपमान वाटला. नंतर सवय झाली. खालची ऊब बरी वाटायची. पावसाळा आला की सगुणा मला आपणहून घरात चुलीपाशी घ्यायची. राग होता, तरी घ्यायची.

बुधा म्हातारा व्हायच्या आतच गेला. तापानं अंथरूण धरलं ते सुटलं नाही. एका संध्याकाळी त्यानं सगुणेचा हात धरला. "सगुणा, मी खोटा नाय बोललो. तू तरी मान."

"हूं," सगुणा म्हणाली.

मी फळीवरच होतो. तो हूं मी ऐकला. माणसं बोलतात त्यात किती जीव आहे, हे दगडालाही कळतं. त्या हूंमध्ये फारसा जीव नव्हता. बुधालाही ते कळलं असावं. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

वर्षं गेली. बुधाची नात दर्शना मोठी झाली. शाळेत तिला 'आभाळ्याची नात' म्हणून चिडवायचे, ती रडत घरी यायची आणि डालग्याशी बसून मलाच दोन शिव्या द्यायची. पुढे ती पेणला वसतिगृहात राहून वकिलीचं शिकू लागली. विद्यापीठाची विद्यार्थ्यांसाठी एक संशोधन सभा असते. त्या वर्षी वेगवेगळ्या शाखांच्या मुलांनी मिळून एक विषय मांडायचा होता. त्यासाठी जमलेल्या मुलांपुढे रोह्याचा जितेश नावाचा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी उल्कांवर बोलला. बोलता बोलता म्हणाला, "लोकांना वाटतं उल्का जमिनीवर पडते तेव्हा ती लालबुंद असते. बहुतेक वेळा ती गार किंवा कोमट असते."

दर्शना म्हणे ताडकन उभी राहिली. आजोबांच्या गार दगडाची गोष्ट तिनं तिथेच सांगून टाकली.

पुढच्याच रविवारी दोघं वाडीत आली. जितेशनं माझ्याजवळ लोहचुंबक धरलं आणि ते टक्कन मला चिकटलं. दर्शना हरखली, पण जितेशनं मान हलवली. "लोखंडाच्या भट्टीतून निघालेला मळही चिकटतो. खात्री हवी तर कापावा लागेल."

इथून दर्शनाचं संशोधन सुरू झालं. आभाळातून पडलेली वस्तू कुणाची? ज्या जमिनीत पडली तिच्या मालकाची? त्यानं चारचौघांत 'ने' म्हणून फेकली, तर ज्याला दिली त्याची? की असे दगड सरकारच्या भूविज्ञान खात्याकडे द्यायचे, या जुन्या रीतीप्रमाणे सगळ्यांची? हे सगळं ती वाचत होती. पण तिचा खरा प्रश्न दुसराच होता. एकट्या साक्षीदाराचा शब्द कशावर तोलायचा?

ती हैबतरावांकडे गेली. ते आता फार थकले होते, पण आठवण शाबूत होती. त्यांनी सगळं सांगितलं. गार दगड, लोकांचं हसणं, कानाशी लागलेला माणूस आणि बुधाचं उत्तर. काही लपवलं नाही. बोलता बोलता मध्येच थांबले आणि म्हणाले, "तो गरम बोलला असता तर मी सोडला असता गो त्याला. खरंच सोडला असता."

आता मला कापायचं होतं. पण नमिता मॅडम आडव्या आल्या. त्या नीतिशास्त्र शिकवायच्या आणि या मुलांच्या मार्गदर्शक होत्या. त्या म्हणाल्या, "दगड सगुणाबाईंचा. त्यांना विचारल्याशिवाय नाही. आणि दर्शना, तू विचारायचं नाहीस. नातीनं मागितलं तर आजी नाही म्हणेल का? ती काही संमती नव्हे."

म्हणून मॅडम स्वतः वाडीत आल्या, बरोबरच्या दर्शनाला त्यांनी दारातच थांबवलं. सगुणेनं चटई टाकली, काळा चहा दिला. मॅडमनी काही आडपडदा ठेवला नाही. "आजी, कापला की तो पुन्हा सांधायचा नाही. खरा निघाला तर सरकारकडे जाईल, घरी येणार नाही. आणि आणखी एक ऐका. भट्टीतला निघाला, तर तेही आम्हाला लिहावं लागेल. मग बुधाबाबा खोटे होते, हे कायमचं लिहिलं जाईल. तुम्ही नको म्हणालात तर आम्ही आल्या पावली परत जाऊ."

सगुणेनं माझ्याकडे बघितलं. एक कोंबडी चटईवर येऊन दाणे टिपू लागली, पण तिला हाकलायचंही सगुणेला सुचलं नाही.

"बाय, तुला खरा सांगते," ती शेवटी म्हणाली. "ह्या दर्शनाला ठाव नाय, कुनालाच ठाव नाय. मीबी त्याच्यावर पुरा इस्वास नाय ठेवला. जाताना त्यानं इचारला, तू तरी मान. मी हूं बोलले. मनातून नाय बोलले. त्यानं तोंड फिरवला न् गेला."

दर्शना दारातच उभी होती. तिनं तोंडावर ओढणी धरली.

"मग ठेवू या का दगड असाच?" मॅडमनी हळूच विचारलं.

"ठेवून काय करू? रोज कोंबड्या झाकताना त्यो माझ्याकडं बघतोय." सगुणेनं मला दोन्ही हातांनी उचललं आणि मॅडमच्या मांडीवर ठेवलं. "काप. खोटा निघाला तर मी ऐकून घेईन. पन आता कललाच पायजे."

मित्रांनो, त्या वेळी मला भीती वाटली. करवतीची नाही, मी याहून मोठे घाव सोसले आहेत. भीती वाटली ती याची, की माझ्या पोटात काय आहे हे मला तरी कुठे माहीत? स्वतःच्या आत कुणी पाहिलेलं असतं का? कोंबड्यांच्या डालग्यावर इतकी वर्षं काढल्यावर मलाही अधूनमधून वाटायचं, आपण खरंच वरून आलो की ते नुसतं स्वप्न?

रोह्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी मला पाण्याच्या धारेखाली कापलं. जितेशनं कापलेली बाजू पुसली आणि भिंगाखाली धरली. करड्या अंगात धातूचे चमकते कण होते आणि मोहरीच्या दाण्यांएवढे गोल गोल थेंब होते, सूर्याबरोबर जन्मलेले. पृथ्वीवरच्या दगडात असे थेंब होत नाहीत. जितेशनं भिंग पुसून पुन्हा पाहिलं. मग मोठ्या जाणकारांकडे माझा काप पाठवला. त्यांचंही तेच म्हणणं पडलं. त्यांनी असंही विचारलं, की कोकणातल्या पावसात इतकी वर्षं राहून हा गंजून भुगा कसा झाला नाही? तेव्हा दर्शनानं चुलीची आणि करंजाच्या तेलाची हकिकत सांगितली.

सगुणेला हे कळवलं तेव्हा ती म्हणे उठली आणि भांडी घासायला लागली.

सभा पेणला झाली. पांढऱ्या कापडावर मला मांडलं होतं, वरून दिवा सोडला होता. माणसं येऊन वाकून वाकून बघत होती. इतकं कौतुक मला सोसवेना. दर्शना बोलायला उभी राहिली. सुरुवातीलाच तिनं सांगून टाकलं, की बुधा हिलम आपले आजोबा. म्हणून दगड तपासला तो इतरांनी, आणि साक्ष घेतली ती ज्यांनी त्यांना खोटं ठरवलं त्यांच्याकडून.

"खोटं बोलणारा माणूस लोकांना पटेल ते बोलतो," ती म्हणाली. "लोकांना तापलेला दगड हवा होता. गरम म्हण, सुटशील, असं त्यांना सांगणारंही कुणी होतं. तरी ते गार म्हणाले. ज्या शब्दामुळे ते खोटे ठरले, तोच शब्द ते खरे असल्याचा पुरावा आहे. हे तेव्हाही कुणाला दिसू शकलं असतं. त्यासाठी भिंग लागत नव्हतं."

तिला पहिलं बक्षीस मिळालं नाही, ते दुसऱ्याच कुणाला गेलं. पण मागच्या रांगेतून हैबतराव काठी टेकत उठले आणि पुढे बसलेल्या सगुणेसमोर येऊन उभे राहिले. "सगुणा, मी हात लावला होता त्याला," ते म्हणाले. "गार लागला, म्हणून मी त्याला खोटा ठरवला. माझी चूक झाली."

"मला सांगून काय व्हनार, पाटील?" सगुणा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "ज्याला सांगायचा त्यो गेला." मग तिनं बाजूची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली आणि ते बसले.

सगळे पांगल्यावर दर्शना आजीला माझ्यापाशी घेऊन आली. सगुणेनं माझी कापलेली बाजू पहिल्यांदाच पाहिली. तिनं पदराला हात पुसला आणि तळवा माझ्यावर ठेवला. त्याच हातानं तिनं मला किती वेळा उचललं होतं, शिव्या देत ठेवलं होतं.

"गार हाय गो," ती दर्शनाला म्हणाली.

मग ती कुणाकडे न बघता, हलकेच म्हणाली, "हूं."

मित्रांनो, मी दगड आहे. मला वाट बघता येते. चूक आज सुधारली काय आणि हजार वर्षांनी काय, मला फरक पडत नाही. तुम्ही संग्रहालयात आलात तर मला बघा, काचेवर बोटं उमटवू नका, खालच्या पट्टीवर बुधा हिलम हे नाव लिहिलेलं असेल ते वाचा. पण माझी काळजी नाही घेतली तरी चालेल. तुमच्या जवळचा कुणी माणूस काकुळतीनं 'तू तरी मान' म्हणाला, तर घाईनं हूं म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला विचारा, नीट ऐकून घ्या. बुधाला वाट बघता आली नाही. तो हूं खरा झाला तेव्हा, पहिला हूं ऐकलेल्यांपैकी मी एकटाच उरलो होतो.