पिशवीचं गाणं पुरतं वाजेपर्यंत

"गाणं पब्लिकनं बंद केलं न्हाय, साहेब. तुमी केलं. आन् वर नाव पब्लिकचं घेतलं!"

माईक मेला होता, म्हणून संदेश नरड्यानंच ओरडला. पिंपळीच्या मारुतीसमोर त्याची डीजेची गाडी मुकी उभी होती, आणि अख्खा परण्या, म्हणजे नवरदेवाची लग्नाआधीची मिरवणूक, माना वर करून त्याच्याकडं बघत होता.

वरकुट्याचा संदेश हा काही भांडखोर गडी नव्हे. गाडीपुढं नाचणारी पोरं मोबाईल नाचवत जे मागतील ते तो निमूट वाजवायचा. बारामतीत तेच, इंदापुरात तेच. कान किटले, तरी तेच. पोटाचा धंदा होता.

फक्त एका जागी त्याचं राज्य होतं. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला देवळात गेला की नाच थांबतो, पण गाणं थांबवायचं नसतं. थांबलं की मंडळी चहाला पांगली म्हणून समजा, आणि पांगलेला परण्या गोळा करण्यापेक्षा मेंढरं वळणं सोपं. म्हणून तेवढा वेळ बारीक आवाजात काहीतरी चालू ठेवायचं. त्या फटीत संदेश स्वतःच्या आवडीचं गाणं घुसवायचा. सोलापूरकडच्या कुठल्याशा बुडालेल्या कंपनीची कॅसेट त्याला इंदापूरच्या बाजारात भंगारवाल्याकडं सापडली होती. बाईचं नाव पुसलेलं, पण आवाज असा, की अंगावर काटा. पोरगी एस्टीतून उतरते, पिशवी आतच राहते, आणि ती गाडीमागं पळत गाते, "थांब की गाडी, पिशवी राहिली, पिशवीत माझी शिट्टी राहिली." मग कीबोर्डवर शिट्टी.

त्या गाण्याचं शेवटचं कडवं त्याच्या गाडीवर कधीच वाजलं नव्हतं. त्याआधीच नवरदेव देवळातून बाहेर यायचा आणि पोरं बोंबलायची, "ए, रडगाणं बदल!"

आजचा नवरदेव ऋषिराज, त्याचा शाळेतला दोस्त. टोमॅटोवाला. सकाळीच म्हणाला होता, "आज तुझं गाणं पुरतं वाजव. ते संपल्याबिगर मी देवळातनं भाईर येत न्हाय. शब्द हाय."

म्हणून संदेशनं आज आवाज बारीक ठेवला नाही. सगळा सोडला. आणि नेमके तेव्हाच तालुक्याचे पुढारी, साहेब, आले. हात जोडलेले, मागं पांढऱ्या गाड्या. त्यांचा माणूस हिंदुराव थेट डीजेच्या गाडीवर चढला.

"साहेबांच्या नावाचं गाणं लाव. बिगी बिगी."

"एवढं संपू द्या, हिंदुराव."

"पब्लिकची मागणी हाय."

"पब्लिकमधल्या कुणाची? नाव सांगा."

"लई शाणा झालास व्हय? पुढच्या सीझनला हितनं इंदापूरपतोर तुला एक सुपारी मिळू देणार न्हाय. गाडीवर कोंबड्या बसव मग!"

संदेशनं बटणावरचा हात काढला नाही. हिंदुरावानं खाली साहेबांकडं पाहिलं, साहेबांनी मान हलवली, आणि हिंदुरावानं खाली उडी टाकून जनरेटर बंद केला. संदेश ओरडला तो तेव्हा.

साहेब हसले. असली माणसं आधी हसतात. "अरे बाळा, लोकांना आवडतं ते आपण द्यायचं. हे गाणं इथं कुणाला ठाऊक तरी आहे का?"

"आमाला हाय की!"

आवाज मागून आला. परण्यात बाया मागं चालतात. त्यांना कधी कुणी फर्माईश विचारत नाही, संदेशनंसुद्धा विचारली नव्हती. ऋषिराजची आत्या फुलाबाई पदर खोचून पुढं आली आणि सरळ गायलाच लागली. "थांब की गाडी, पिशवी राहिली..." मागच्या बायांनी उचललं. प्रत्येक लग्नात पारापाशी उभं राहून ऐकलेलं, पाठच झालेलं. शिट्टीच्या जागी फुलाबाईनं तोंडात दोन बोटं घातली आणि शेतातली पाखरं हाकलतात तशी शिट्टी मारली.

आणि एका ओळीवर सगळ्या एकदम अडल्या. दर वेळी गाणं जिथं तुटायचं, तिथंच.

"पुढचं काय रं, संदेश?" फुलाबाई खेकसली. "दर लग्नात मेलं हितंच तोडतोस! घावली का न्हाय त्या पोरीला पिशवी?"

देवळातून ऋषिराज ओरडला, "झालं का गाणं? येऊ का भाईर?"

"न्हाय झालं!" संदेश ओरडला. "बस आतच!"

"आरं, मुहूर्त जाईल!"

"जाऊ दे!" हे फुलाबाई म्हणाली.

शेवटचं कडवं कॅसेटवरच्या बाईच्याच तोंडून ऐकवायचं होतं, पण हिंदुराव जनरेटरपुढं छाती काढून उभा होता. संदेश गाडीवरून उतरला, त्याला वळसा घालून साहेबांपुढं येऊन थांबला. पुढचा सीझन गेल्यात जमा होता. आता भ्यायला उरलंच काय?

"साहेब, गाडीपुढची पोरं पब्लिक, तुमच्या गाडीतली माणसं पब्लिक. मग या बाया कोण? आन् जनरेटर बंद करताना यातल्या एकीला तरी विचारलं का तुमी? मान हलवू नका. तोंडानं बोला."