नीरजाने ठेवलेली डिश

वेदिका लांज्याची, नीरजा पालीची. जवळची पोर म्हणून नीरजाला तिचं कौतुक वाटायला हवं होतं, पण पहिल्याच आठवड्यात ती डोळ्यांत खुपायला लागली.

२००६ सालची गोष्ट. रत्नागिरीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलामागे डॉक्टर अभ्यंकरांनी लहानशी प्रयोगशाळा काढली होती. बाळंतपणानंतर टाकून दिली जाणारी नाळ नीरजा बाळंतिणींना विचारून आणायची आणि तिच्यातून दोन जातींच्या पेशी वाढवायची. एक मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, ज्यांच्यापासून पुढे हाड, चरबी असं बरंच काही घडवता येतं. दुसऱ्या पेशी नाळेतल्या रक्तवाहिनीच्या अस्तराच्या. कुठली कोणती हे ओळखायला ती त्यांना रंग द्यायची. सूक्ष्मदर्शकाखाली एक जात हिरवी चमके, दुसरी लाल. पाहुणे आले की डॉक्टर त्यांना आधी नीरजाच्या टेबलाशी आणत आणि म्हणत, "यांचा हात बघा."

या रंगात एकच खोट होती. रंगवायचं तर पेशी मारावी लागे, आणि मेलेली पेशी रोग्याच्या काय कामाची?

वेदिका मुंबईहून यावरचा उपाय शिकून आली होती. पेशीवर लेझरचा बारीक किरण सोडायचा. परतणाऱ्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून येतो. तो किती बदलला, यावरून पेशीत काय काय आहे ते पडद्यावर चढउतारांच्या रेघेत उमटतं. मूळ पेशीची रेघ वेगळी, रक्तवाहिनीची वेगळी. आणि पेशी जिवंतच्या जिवंत.

पाहुणे आता थेट वेदिकाच्या अंधाऱ्या खोलीत जाऊ लागले. आतून हसणं ऐकू आलं की नीरजा धुतलेल्या काचा पुन्हा धुवायला घेई.

"ताई, तुमच्याइतक्या स्वच्छ पेशी मला मुंबईतही मिळाल्या नाहीत," वेदिका एकदा म्हणाली.

नीरजा नुसती हसली. म्हणजे जेवण तुझं आणि मी वाढपी, असं तिच्या मनात आलं.

मग डॉक्टरांनी परीक्षा ठरवली. नीरजाने पेशी वाढवलेल्या काचेच्या डिश द्यायच्या, कशात काय ते सांगायचं नाही. वेदिकाने नुसत्या प्रकाशावरून ओळखायचं. नीरजा तेव्हा काही मूळ पेशींना औषध घालून रक्तवाहिनीच्या पेशींकडे वळवत होती. त्या अर्ध्याकच्च्या अवस्थेत होत्या. त्यातलीच एक डिश तिने बाकीच्यांत सरकवली. मूळ म्हणाली तरी चूक, रक्तवाहिनीची म्हणाली तरी चूक. त्या रात्री तिला छान झोप लागली.

परीक्षेच्या दिवशी वीज गेलेलीच होती. जनरेटरवर लेझर चालला. वेदिकाने एकेक डिश बिनचूक ओळखली आणि त्या डिशपाशी अडली. पुन्हा किरण टाकला. पुन्हा अडली.

"काय गं, ओळख पटेना?" नीरजाने शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं.

"ताई, ही दोन्हींतली नाही." वेदिकाने पडद्यावर बोट ठेवलं. "मूळ पेशीची खूण इथे उतरतेय, आणि रक्तवाहिनीची नुकती वर येतेय. ही वाटेवर आहे. बदलतेय."

डॉक्टरांनी नीरजाकडे पाहिलं. तिला मान डोलवावीच लागली.

"तुमच्या रंगात हे दिसलं असतं?"

"नाही सर. इतक्या लवकर रंग धरत नाही." स्वतःच्या तोंडचे शब्द तिला कडू लागले.

"वा, नीरजा. असा कठीण पेपर काढायलाही डोकं लागतं," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. त्यापेक्षा त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं, असं तिला झालं.

बाहेर हात धुताना वेदिकाने विचारलं, "ताई, हे तुम्हाला सुचलं कसं?"

थाप मारणं सोपं होतं. पण नीरजा बोलून गेली, "तू चुकावीस म्हणून ठेवली होती."

वेदिकाने नळ बंद केला. "मी नाही चुकले."

"तेच झोंबलं."

त्यानंतर 'ताई' बंद झालं. 'मॅडम' सुरू झालं, तेही कामापुरतं. पण बदलाच्या प्रत्येक टप्प्यावरच्या पेशी वेदिकाला हव्या होत्या, आणि त्या वाढवणारा हात तिथे एकच होता. शेवटी एका सकाळी ती टेबलाशी येऊन उभी राहिली.

"रोजची एक डिश लागेल मला. द्याल?"

"देईन. पण किरण टाकताना मी शेजारी बसणार. ती रेघ वाचायला मलाही शिकव."

वेदिकाने अंधाऱ्या खोलीकडे पाहिलं. "आत खुर्ची एकच आहे."

"माझी मी आणते," नीरजा म्हणाली.

पुढच्या वर्षी दोघींचा शोधनिबंध छापून आला. वेदिकाचं नाव पहिलं, नीरजाचं दुसरं. पालीला घरी नवऱ्याने पेढे आणले, शेजारी वाटले. नीरजाने एक खाल्ला. पहिल्या नावावरून नजर काही हलेना, तेव्हा तिने अंक मिटला आणि कुकर लावायला उठली.