पाऱ्याचा गहू

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात भोकरदनच्या आमच्या शाळेला वरून आदेश आला : प्रयोगशाळेतला पारा, पाऱ्याचे तापमापक, सगळं बंद करून जमा करा. विज्ञान मी शिकवते, म्हणून हे झेंगट माझ्याच गळ्यात. पोटात सहावा महिना, तेव्हा मी लांब उभी राहून शिपायाकडून बरण्या पेटीत भरून घेतल्या आणि मोठ्या तोऱ्यात घरी आले.

घरी ओसरीवर सासूबाई गव्हाच्या राशीपुढे बसलेल्या. शेजारी माझी नणंद बेबीनंदा. बेबी चाळिशीची, पण बोलणं चार-दोन शब्दांचं. गोजरबाईंच्या गव्हाला किडा लागत नाही, हा सासूबाईंचा गल्लीत लौकिक. त्या दरवर्षी जुन्या लुगड्याच्या पुरचुंडीत पाऱ्याच्या गोळ्या बांधून कोठीत टाकायच्या. लग्नानंतरचा हा माझा पहिलाच उन्हाळा. यंदा गोळ्या नकोत हे कसं सांगावं, या विचारात मी होते.

त्यांचे हात कोपरापर्यंत तेलाने चकाकत होते.

"हा तुझ्या बाळंतपणाचा गहू," त्या म्हणाल्या. "पुरचुंडीचा काय भरवसा? गोळ्या कुटल्या, एरंडेलात कालवल्या अन् दाण्यादाण्याला चोळून राह्यले. किड्याची काय बिशाद."

माझं डोकंच सटकलं. त्यांना उठवून मोरीवर नेलं, साबणाने हात धुवायला लावले, बेबीचेही धुतले.

"आत्याबाई, विष आहे ते. सरकारनं बंद केलंय."

"सरकारला काय गहू भरायचाय? माझा धर्मा ह्याच गव्हावर वाढला. काय झालं त्याला?"

"काय झालं ते मी रोज बघते," मी म्हणाले. धर्मराज, म्हणजे माझा नवरा, नेमका दारात आला होता. तो आल्या पावली परत गेला.

बेबी हसली. सासूबाई हसल्या नाहीत. इतक्या मायेने केलेलं काम मी विष ठरवलं, याचं मलाही वाईट वाटत होतं. मी त्यांच्याजवळ बसले. "पारा आईच्या अंगातून लेकराला पोचतो, आत्याबाई. त्याच्या मेंदूला धोका असतो. लेकरू बोलायला मागं राहू शकतं."

त्या ओले हात लुगड्याला पुसत राहिल्या. मग बेबीकडे बघून म्हणाल्या, "मंग हिला मीच...?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. जीभ चावली, पण उशीर झाला होता. "तसं न्हाई हो," मी म्हणाले. "बेबीताईंचं कशानं झालं, ते कुणीच सांगू शकत न्हाई." त्यांना ते पुरेना. "अन् तुम्हाला कोण सांगणार होतं? आमच्या शाळेत शिकले-सवरलेले मास्तर इतकी वर्षं पोरांच्या तळहातावर पारा खेळवत होते. सरकारला सुद्धा आत्ता जाग येऊन राह्यली."

त्यांनी मान हलवली, पण त्या दिवशी जेवल्या नाहीत.

तो गहू आणि उरलेल्या गोळ्या डब्यात घट्ट बंद होऊन शाळेच्या पेटीबरोबर गेल्या. झाकण सासूबाईंनी स्वतः लावलं. नव्या गव्हात त्यांनी कडुलिंबाचा पाला घातला.

आषाढात मला मुलगी झाली. श्रावणात गव्हाला किडा लागला. सासूबाई आणि बेबी रोज सूप घेऊन निवडायला बसू लागल्या. शेजारच्या द्वारकाबाईंनी एवढी संधी सोडली नाही. "गोजरबाई, तुमच्या घरी अन् किडा?"

"लागू दे," सासूबाई म्हणाल्या. "ज्या गव्हात किडा जगतो, तो माझ्या नातीला बाधायचा न्हाई."

सुपातून एक किडा तुरुतुरु निघाला होता. बेबीने तो बोटावर घेतला आणि आईच्या तोंडापुढे धरला.

"जित्ता," ती म्हणाली.

"हां माय, जित्ता," सासूबाई म्हणाल्या. सूप खाली ठेवून त्यांनी बेबीला जवळ ओढलं आणि कितीतरी वेळ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.